भरतीसाठी हलका बूट घेताय? आधी काट्यावर ठेवा, मग पायात घाला

अहमदपूर : पहाटे पाचला शिरूर ताजबंद किंवा किनगावच्या रस्त्याला निघालं की कडेनं पळणारी पोरं-पोरी दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी अग्निवीरची. पायात मात्र काहीही असतं. कुणाच्या कॅनव्हासचे बूट, कुणाच्या थोरल्या भावाचे जुने शूज, तर कुणी अनवाणीच. सोयाबीनच्या पैशातून घरचे बुटाला दोन-अडीच हजार काढून देतात तेव्हा तो बूट एकच असतो. रोजचं रनिंगही त्याच्यावरच आणि टायमिंग लावून पळायचं तेही त्याच्यावरच. म्हणून घेण्याआधी तो पारखायचा कसा, हे समजून घेतलेलं बरं.

हलक्या बुटानं फरक पडतो का?

पडतो, पण थोडा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २०१६ साली याची चाचणी झाली. धावपटूंना ३,००० मीटर पळायला लावलं आणि त्यांना न सांगता बुटात वजन वाढवलं. दर बुटामागं १०० ग्रॅम वाढले की वेळ साधारण पाऊण टक्क्यानं वाढला.

आता हाच हिशोब आपल्याकडं लावू. एखादा पोरगा १,६०० मीटर साडेपाच मिनिटांत, म्हणजे ३३० सेकंदांत पळतो. त्याचा बूट १०० ग्रॅमनं हलका झाला तर अंदाजे अडीच सेकंद वाचतील. वाचायला किरकोळ वाटतं. पण पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलांना १,६०० मीटरला आणि मुलींना ८०० मीटरला २० गुण असतात. मुलांना पूर्ण २० गुण हवे तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं, मुलींना २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत. तिथं एका सेकंदानंही गुण खाली येतात. अग्निवीरला ६० गुण मिळवायचे तर साडेपाच मिनिटांची रेघ आहे. रेघेवर असलेल्याला अडीच सेकंद लई मोठे आहेत.

मात्र जो सात मिनिटांत पळतोय, त्याला बूट नाही, सराव पुढं नेणार. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात गेल्यावर धावण्याकडं वळला आणि २०२३ च्या आशियाई खेळांत स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन आला. शिवनाथ सिंग तर १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये अनवाणी धावून अकरावे आले. बूट पळत नाही, पाय पळतात. बुटाचं काम पायाला इजा होऊ न देणं आणि आड न येणं, एवढंच.

दुकानात काय बघायचं?

पहिलं म्हणजे वजन. एक बूट डिजिटल काट्यावर ठेवा. आठ नंबरचा बूट २०० ते २५० ग्रॅम भरला तर तो हलका. ३०० पर्यंत मध्यम. ३५० च्या पुढं गेला तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तो हलका नाही.

दुसरं, वाकवून बघा. बूट बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, कारण पाय तिथंच वाकतो. मधोमध घडी पडत असेल किंवा ओलं फडकं पिळावं तसा पिळला जात असेल तर तो घेऊ नका.

तिसरं, फोम. टाचेखालचा फोम अंगठ्यानं दाबा. दबून लगेच वर आला तर चांगला. दगडासारखा कडक असेल तर डांबरी रस्त्याचा सगळा दणका नडगीला बसेल. दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर तो थोड्या दिवसांत बसणार. खोक्यावर तयार झाल्याचा महिना आणि वर्ष असतं, तेही बघा. फार दिवस पडून राहिलेल्या मालाचा फोम कडक होतो.

चौथं, तळवा. वजन कमी करायला कंपन्या काही बुटांना फक्त टाचेला आणि पुढं रबर लावतात, मधे उघडा फोम ठेवतात. पक्क्या रस्त्यावर चालतं. पण बांधावरून, पाणंदीनं पळणाऱ्याला खडी तो फोम खाते आणि बाभळीचा काटा थेट आत येतो. अशांनी ३०-४० ग्रॅम जास्त गेले तरी पूर्ण रबराचा तळवा घ्यावा. पावसाळ्यात काळ्या रानातून पळाल तर चिखलच पाव किलो चिकटतो. मग हलक्या बुटाचे पैसे वाया.

पाचवं, माप. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. पळताना घालता तेच मोजे घालून बघा. अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी आणि टाच मागं सरकायला नको. मुलींनी भावाच्या मापाचा बूट घेऊ नये. बायकांचा पाय टाचेला बहुधा अरुंद असतो, त्यामुळं पुरुषी बुटात टाच हलते आणि फोड येतात.

घरी आणल्यावर परीक्षा

पहिले दोन दिवस नुसतं चाला. मग तीन-चार किलोमीटर सावकाश पळा. फोड, अंगठ्याचं नख दुखणं, तळव्याला मुंग्या येणं यातलं काही झालं तर माप चुकलं. ऑनलाइन घेतला असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत घरातल्या फरशीवर घालून बघा. रस्त्यावर वापरलेला बूट सहसा परत घेत नाहीत.

आठवड्यानं खरी परीक्षा घ्या. मैदानावर ४०० मीटरचे चार राऊंड मारा, प्रत्येक राऊंडनंतर तीन-चार मिनिटं विश्रांती. पहिला राऊंड जुन्या बुटावर, दुसरा आणि तिसरा नव्यावर, चौथा परत जुन्यावर. दोन्ही बुटांच्या वेळांची बेरीज करा. असा क्रम ठेवला की दमल्याचा फटका दोघांना सारखा बसतो. जोर चारही वेळा सारखाच लावा. नव्या बुटाची बेरीज कमी आली आणि दुसऱ्या दिवशी नडगी, पोटरी, टाच ठणकली नाही, तर बूट पास. वेळ कमी आला पण पोटरी धरली, तर तो बूट आठवड्यातून दोन जोराच्या दिवसांपुरताच ठेवा आणि सावकाश पळायला जुना वापरा.

आतमध्ये कार्बनची पट्टी असलेले महागडे बूट मोबाईलवर दिसतात. ते स्पर्धेसाठी असतात, रोजच्या सरावाचे नाहीत. बाजारातली ‘फर्स्ट कॉपी’ तर विसराच. वरून नाव तेच असतं, पण आतला फोम कसला आहे ते कुणालाच माहीत नसतं. स्पाइक घ्यायचे असतील तर आधी भरतीच्या जाहिरातीत परवानगी आहे का ते वाचा.

किती दिवस टिकणार?

पळायचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो, हलका त्यातही आधी संपतो. रोज सहा किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस पळालं तर ५०० किलोमीटर चौदा आठवड्यांत होतात. वरून बूट नवा दिसतो, पण आतला फोम बसलेला असतो. नडगी विनाकारण दुखायला लागली तर आधी बुटाचे किलोमीटर मोजा. घेतल्याची तारीख आतल्या पट्टीवर पेनानं लिहून ठेवा.

ओला झाला तर चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, डिंक सुटतो. आत कागदाचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. रोज कॉलेजला, बाजाराला तोच घालू नका, चालण्यानंही फोम बसतो.

आणि भरतीच्या दिवशी कोरा बूट घालून उभं राहू नका. निदान ३०-४० किलोमीटर पळून पायाला बसलेलाच बूट घाला. वर्षभर घाम गाळायचा आणि शेवटच्या राऊंडला फोडानं थांबायचं, असं व्हायला नको.