डिंकाच्या पदराचे वजन

परभणीहून रेल्वेने पूर्णेकडे निघाले की पिंगळी लागते. या भागाला बांधावरच्या बाभळीचा डिंक नवा नाही. पूर्वी पोथ्या लिहिणारे काजळात डिंक घोटून शाई करीत. नुसत्या काजळाच्या पाण्यात गुठळ्या होतात. डिंकाचे लांबलचक रेणू मात्र प्रत्येक कणाला वेढतात आणि कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. फायझरच्या कोविड लशीतल्या मेदकणांवरही असाच पदर आहे, त्यातल्या साखळीचा रेणुभार सुमारे २००० डाल्टन. साखळी आखूड पडली तर कण गोळा होतात, फार लांब झाली तर पेशीत शिरताना अडतात. म्हणून हा आकडा नेमका हवा.

पण कणाला चिकटलेली साखळी तोलायची कशी? दहा नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा कण घेऊ. त्याचे वजन सुमारे ६० लाख डाल्टन. नमुना तापवत नेला की पदर जळून जातो, सोने उरते. समजा, दहा टक्के वजन घटले. म्हणजे प्रत्येक कणावर पावणेसात लाख डाल्टनचा पदर होता. आता या ५००० डाल्टनच्या १३५ साखळ्या, की १०,००० च्या ६७? कडब्याची पेंढी तोलून एका ताटाचे वजन कळत नाही, तसेच हे.

उपाय एकच: पेंढी सोडायची. आयोडीनने सोने विरघळवतात, सिलिकाचा कण असेल तर हायड्रोफ्लोरिक आम्लाने. मोकळ्या साखळ्या सच्छिद्र मण्यांच्या नळीतून सोडतात. लहान साखळ्या छिद्राछिद्रांत रेंगाळतात. मोठ्यांना आत शिरताच येत नाही, त्या आधी बाहेर पडतात. ठाऊक रेणुभाराच्या नमुन्यांशी त्या वेळा ताडून उत्तर मिळते. अर्थात तेही सरासरीचे, कारण सगळ्या साखळ्या कधीच सारख्या नसतात.

इथे एक खोच आहे. साखळी गंधकाच्या टोकाने सोन्याला धरून असेल, तर आयोडीन अशी दोन टोके एकमेकांना जोडून टाकते आणि रेणुभार दुप्पट दिसतो! ती जोड आधी तोडावी लागते.

पुष्कळ जण मात्र हा खटाटोप टाळतात. साखळ्या कणावर वाढवताना त्याच भांड्यात सुट्याही वाढवतात, त्यांचेच मोजमाप घेतात आणि दोन्ही सारख्या मानतात. मला हे पटत नाही. दाटीवाटीने उभ्या साखळीला वाढायला सुट्या साखळीइतकी मोकळीक नसते. निदान एकदा तरी कण विरघळवून पडताळा घ्यावा.