एकासणे की आजार?

परीक्षा जवळ आली की दहावी-बारावीतील मुलीचे ताट हलके होऊ लागते. ‘आज एकासणे आहे,’ या उत्तरापुढे आपल्या घरांत कोणी प्रश्न विचारीत नाही. उलट अनुमोदनाच होते. पण पर्युषण सरल्यावरही एकासणी थांबत नसतील, पाळी चुकत असेल, पारण्याचीच धास्ती वाटत असेल, तर तो अ‍ॅनोरेक्सिया हा मानसिक आजार असू शकतो. तपात अन्नाची आसक्ती सुटते. येथे मन अहोरात्र अन्नाचाच हिशेब मांडते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या. शाकाहारात बी-१२ मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. क्लास सूर्यास्तानंतर सुटत असेल, तर चौविहार पाळणाऱ्या मुलीला दुपारी चारलाच भरपेट डबा हवा. लक्षणे दिसताच डॉक्टरांप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवावे. ‘उद्या स्थळे येतील’ म्हणून लपवू नये.