हेड बदललं की कॉम्प्रेशन रेशो किती?

पिस्टन तळाशी असतानाचं सिलिंडरमधलं एकूण आकारमान भागिले तो माथ्यावर असताना उरलेली जागा, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (संपीडन गुणोत्तर). तोंड बोटाने दाबलेला सायकलचा पंप आठवा: दट्ट्या तेवढाच सरकतो, पण शेवटी उरणारी जागा लहान असेल तर दाब जास्त.

हा रेशो अनेकदा एकट्या हेडचा (सिलिंडरवरच्या झाकणाचा) मानला जातो. तो संपूर्ण जोडणीचा असतो. उरलेल्या जागेत हेडमधल्या खळग्याबरोबर (दहनकक्ष) गॅस्केटची जाडी आणि पिस्टनच्या माथ्याचा आकारही मोजावा लागतो.

शेवरोलेच्या ३५० व्ही-८ इंजिनात पिस्टन तळापासून माथ्यापर्यंत सरकताना एका सिलिंडरमध्ये सुमारे ७१७ घनसेंमी जागा व्यापतो. खळगा सोडून इतर जागा १६ धरली, तर ७६ घनसेंमीच्या हेडने रेशो ८.८ येतो, ६४च्या हेडने जवळपास १०. म्हणून खळगा मापनळीने द्रव ओतून स्वतः मोजावा.