‘हअ हअ’ म्हणजे हसू की टोमणा?

माझा भाचा चीनमध्ये डॉक्टरकी शिकून आला. तिथला एक किस्सा त्याने मला सांगितला. त्याच्या चिनी वर्गमित्राने परीक्षा पास झाल्याची बातमी मोबाईलवर कळवली. भाच्याने खुशीत चिनी अक्षरांत उत्तर धाडलं, ‘हअ हअ’. मित्र दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही! ‘‘मामू, मी हसलो होतो हो. त्याला वाटलं, मी त्याला हिणवलं.’’

मी चकित झालो. हसण्यालाही शब्दकोश लागतो? भाच्याला विचारत गेलो, थोडं वाचलं. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

चिनी लिपीत हसण्याची वेगवेगळी अक्षरं आहेत. मोकळं हसू म्हणजे ‘हा हा’, अगदी आपल्यासारखं. लाडिक, खुदुखुदू हसू मात्र ‘शी शी’! आपल्याकडे ‘शी शी’ म्हटलं की नाक मुरडलं जातं, तिकडे गालाला खळी पडते. या अक्षरांच्या डाव्या बाजूला एक छोटा चौकोन असतो. तो चौकोन म्हणजे तोंड. ‘हअ’ या अक्षरालाही तोच चौकोन आहे.

हे ‘हअ हअ’ काही आजचं नाही. सू तुंग-फो (1037 ते 1101) हा सुंग राजवटीतला थोर कवी. मित्रांना लिहिलेल्या पत्रांत आपल्याच कवितांविषयी बोलताना तो मध्येच ‘हअ हअ’ लिहून मोकळा होई. कवीने स्वतःच्या कवितेवर हसावं, यासारखी निरोगी गोष्ट नाही. त्या हसण्यात जिव्हाळा होता.

मग इंटरनेट आलं. बोलणं टाळायचं असलं, समोरच्याचं पटत नसलं, की तरुण पोरं नुसतं ‘हअ हअ’ लिहू लागली. हळूहळू त्याचा अर्थ झाला, ‘बरं बरं, चालू द्या तुमचं’. वडीलधारी मंडळी मात्र अजून जुन्याच मायेने ते लिहितात. बाप हसतो आणि लेकाला टोमणा लागतो! एकच अक्षर, एकच घर, पण मध्ये एका पिढीचं अंतर.

पोरांनी आकड्यांनाही हसायला लावलं. एका चिनी संकेतस्थळावर चित्रांच्या यादीत 233 क्रमांकाचं चित्र होतं. जमिनीवर हात आपटून हसणारा चेहरा. पुढे चित्र मागे पडलं, आकडा उरला. जितकं हसू जास्त, तितके तीन जास्त : 23333. चिनी भाषेत पाचाचा उच्चार ‘वू’, म्हणून 555 म्हणजे हुंदके. थायलंडमध्ये पाच म्हणजे ‘हा’, म्हणून तेच 555 तिथे खळखळून हसतं. एकाचे हुंदके, दुसऱ्याचं हसू.

आता गाण्याचं पाहा. 2010 मध्ये गोंग लिन्ना या गायिकेचं ‘थान-थ’ हे गाणं चीनभर गाजलं. नावाचा अर्थ घालमेल. ही दोन अक्षरं लिहिताना एकात हृदयावर ‘वर’ हे चिन्ह येतं, दुसऱ्यात ‘खाली’. काळीज वर-खाली होणं, दुसरं काय! गाण्यात अर्थ असलेला शब्द जवळजवळ नाहीच. आपल्या तराण्यासारखे नुसते बोल, आणि चिनी संगीतनाटकातल्या नाना पात्रांचे आवाज एकाच गळ्यातून. लोक पोट धरधरून हसले, तिच्या नकला करू लागले. पण त्या हसण्यात कौतुकही होतं. शब्द नसताना सारं पोचलं, कारण आवाज होता.

भाच्याच्या दोन अक्षरांना आवाज नव्हता, तिथेच घोटाळा झाला. शेवटी काय केलं, विचारलं तर म्हणाला, ‘‘त्याच्या खोलीवर गेलो. मिठी मारली. मग दोघेही हसलो.’’

श्रोतेहो, लिहिलेलं हसू हे पत्त्याविना टाकलेलं पत्र असतं. ते कुणाचं, हे ठाऊक असेल तरच त्याचा अर्थ लागतो. तेव्हा एखाद्याचं हसू बोचलं, तर रुसून बसण्याआधी एकदा त्याचा आवाज ऐका.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)