पायपोस ज्याचा त्याच्या पायात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गोंधळ माजला की आपण म्हणतो, ‘कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.’ हा पायपोस शब्द फारसीतून आपल्याकडे आला. तिकडे तो ‘पापोश’, म्हणजे पाय झाकणारा. त्याचा सोबती ‘पायताण’ मात्र संस्कृतातल्या ‘पादत्राण’ या शब्दाचा वारस, म्हणजे पायाचे रक्षण करणारा. दोन भाषांतून दोन शब्द आले आणि दोघांनी मिळून जोड्याचे काम सांगून टाकले : पाय झाकायचा आणि राखायचा. जो जोडा पाय राखत नाही, उलट त्याला जखम करतो, त्याला पायताण म्हणता येईल का?

तरीही आपण जोडा कसा घेतो ते पाहा. दुकानात शिरलो की आधी रंग, मग किंमत, मग ‘सात नंबर द्या.’ पाच मिनिटांत खरेदी उरकते. थोडा आवळला तर दुकानदार म्हणतो, ‘वापरून सैल पडेल.’ सैल असेल तर म्हणतो, ‘मोजे घातले की बसेल.’ आपणही मान डोलावतो. लुगडे-धोतर मोजून घेणारा माणूस पायाचे माप मात्र अंदाजाने घेतो. आज या मापाविषयीच थोडे बोलायचे आहे.

जोड्याचे माप किती काटेकोर असू शकते हे पाहायचे तर बर्फावर जावे लागेल. आपल्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीवर. पण काश्मिरात गुलमर्गला डिसेंबर १९४८ मध्ये आपल्या लष्कराने स्कीइंगची शाळा सुरू केली. १९६२ मध्ये तिचेच ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ झाले. नागरिकांना शिकवणारी सरकारी संस्थाही गुलमर्गला आहे आणि २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा तिथे भरू लागल्या. स्कीइंग म्हणजे पायांना लांब पट्ट्या जोडून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणे. वळायचे, थांबायचे, तोल सावरायचा, हे सारे हुकूम पाय देतो आणि ते पट्टीपर्यंत पोचवणारा एकच दुवा असतो, तो म्हणजे बूट.

हा बूट दुहेरी असतो. बाहेर टणक प्लॅस्टिकचे कवच आणि आत मऊ अस्तराचा बूट. माप घेताना जाणकार माणूस आतला बूट काढून ठेवतो आणि नुसत्या कवचात पाय घालायला सांगतो. बोटे पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते बोट घालून पाहायचे. नवशिक्याला साधारण दोन बोटांची जागा चालते. तरबेज माणसाला मात्र एका बोटाएवढी, म्हणजे एक ते दीड सेंटिमीटरच ठेवतात. अस्तरासह बूट घालून ताठ उभे राहिले की बोटे पुढे हलकी टेकतात. पण गुडघे वाकवून पुढे झुकले की टाच मागे जाऊन बसते आणि बोटे सुटी होतात. म्हणून हा बूट ताठ उभे राहून नापसंत करायचा नसतो. मोजा घालायचा तो एकच आणि पातळ. एखादे हाड टोचत असेल तर सगळा बूट मोठा घेत नाहीत. तेवढाच भाग तापवून बाहेर फुगवतात किंवा आतून घासून मोकळा करतात.

इतका खटाटोप कशासाठी? कारण आतले अस्तर वापरून दबते. दुकानात गादीसारखा वाटलेला बूट काही दिवसांत सैल होतो. सैल बुटात पाय हलतो आणि पट्टी हुकूम उशिरा ऐकते. मग माणूस काय करतो? बकले आणखी आवळतो. आवळल्याने रक्त कमी पोचते, पाय गार पडतो, बधिर होतो, आणि बर्फात बधिर झालेला पाय हिमदंशाच्या वाटेवर असतो. म्हणजे सुरुवात सैल बुटाने झाली आणि शेवट आवळलेल्या पायाने. ही गंमत लक्षात ठेवा, पुढे ती आपल्याच घरात भेटणार आहे.

बर्फ बाजूला ठेवला तरी या बुटाकडून तीन गोष्टी घेता येतात. टाच धरलेली हवी. बोटे मोकळी हवीत. आणि दोष असेल तेवढ्याच जागी दुरुस्ती हवी, सगळा जोडा मोठा घेणे हा इलाज नव्हे. फरक एवढाच, की चालायच्या जोड्यात बोटांपुढे जागा जास्त लागते. कारण प्रत्येक पावलाला पाय थोडा लांबतो आणि पुढे सरकतो.

आता आपल्या ‘सात नंबर’कडे वळू. हा नंबर आपल्याकडे इंग्रजांसोबत आला. त्यात एक नंबर वाढला की लांबी इंचाचा तिसरा भाग, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते. युरोपातला नंबर वेगळा. तिथे एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. म्हणून एकाच खोक्यावर सातही असतो आणि एक्केचाळीसही. पण दोन्ही नंबर फक्त लांबी सांगतात. पाय रुंद किती, पायाची चवड किती उंच, हे त्यांना ठाऊक नसते. स्कीच्या बुटावर पायाची लांबी सरळ सेंटिमीटरमध्ये आणि बहुधा रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असते.

आणि अडचण नेमकी रुंदीची आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी सुमारे एक लाख दोन हजार लोकांचे पाय यंत्राने मोजले. निष्कर्ष असा निघाला, की भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा सरासरीने रुंद आहेत. परदेशी साच्याचा अरुंद जोडा रुंद पायाला आवळतो, म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो; मग रुंदी जमते आणि लांबी जास्त होते, टाच निसटू लागते. बाई असेल तर उंच टाचेचा मोठा जोडा घसरतो, पोरगा असेल तर नाडी करकचून आवळतो. या पाहणीवरून भारतीय पायांसाठी ‘भा’ नावाची नवी मापपद्धत सुचवली गेली आणि २०२४ मध्ये तिची बरीच चर्चा झाली. भा म्हणजे भारत.

पूर्वी ही अडचण गावातच सुटत असे. चामड्याचे काम करणारा कारागीर पाय कागदावर ठेवायला लावी, पेन्सिलीने भोवती रेघ ओढी आणि त्या रेघेवर चप्पल कापी. रेघेत लांबी आली, रुंदी आली, अंगठ्याचा बाकही आला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. ही चप्पल नवी असताना चावते, पण तेल पिऊन आणि पायाखाली राहून ती मऊ पडते, पायाचा आकार घेते. रबर-प्लॅस्टिकच्या जोड्याचे तसे नाही. तो पायाचा आकार घेत नाही. पायालाच त्याचा आकार घ्यावा लागतो. अंगठा करंगळीकडे वळतो, त्याच्या बुडाचे हाड बाहेर येते, कुरूप धरते, नख मांसात शिरते.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात पाय हा काही शोभेचा अवयव नाही. आषाढीला नर्सी नामदेवहून पालखी निघते. पंढरपूर तिथून तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. इतके अंतर दिवसामागून दिवस चालायचे, तेही पावसात. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले पाहा. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. कापूस वेचणाऱ्या आणि सोयाबीन कापणाऱ्या बायांचा दिवस उभ्यानेच जातो. अशा पायांना जोडा चुकीचा मिळाला तर दिवस बुडतो, कधी भरतीही हुकते.

फोड येतो तो तीन गोष्टींनी : घासणे, ओल आणि उष्णता. म्हणून वारीला किंवा परीक्षेला नवा कोरा जोडा घालून कधीही जाऊ नये. तीन-चार आठवडे आधी घ्यावा, रोज थोडा थोडा वापरावा. मोजे ओले झाले की बदलावेत. फोडाची कातडी ओढून काढू नये. तीच त्याची मलमपट्टी असते. धावणाऱ्याच्या अंगठ्याचे नख काळे पडले तर बहुधा जोडा पुढून आखूड असतो किंवा सैल असल्याने पाय पुढे आपटत असतो.

आता ज्यासाठी हा सगळा विषय काढला, त्याकडे येतो. हल्ली दर दुसऱ्या-तिसऱ्या घरात कुणाला ना कुणाला साखरेचा आजार असतो. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा मंदावतात. पायाला खडा टोचला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. आणि इथेच बर्फावरची ती उलटी गंमत पुन्हा भेटते. बधिर पायाच्या माणसाला बेताचा जोडा घातल्यासारखाच वाटत नाही. त्याला जाणवतो तो फक्त घट्ट जोडा. म्हणून तो दुकानात नेमका घट्ट जोडा पसंत करतो आणि म्हणतो, ‘हा कसा छान बसला!’ तो दिवसभर वापरतो. रात्री मोजा काढताना नातवाला रक्ताचा डाग दिसतो. ती जखम चिघळते, रक्तपुरवठा आधीच कमी असतो, आणि कधी कधी बोटावर, कधी पावलावर पाणी सोडावे लागते.

वेदना ही शत्रू नसून पहारेकरी आहे, हे जगाला आपल्या देशातल्या एका कामातून नीट समजले. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात झाला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि पुढे कुष्ठरुग्णांवर उपचार करू लागले. तोवर लोक समजत, की कुष्ठरोगात हातपाय आपोआप झडतात. त्यांना आढळले, की रोग नसा बधिर करतो आणि पुढची बरीचशी नासधूस न कळलेल्या जखमांनी होते. मग शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व त्यांनी चपलेला दिले. आत मऊ, बारीक छिद्रांचे रबर, ज्याला आज एमसीआर म्हणतात, आणि खाली टणक तळवा. पुढे १९६६ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि हाच धडा मधुमेहाच्या पायांना लागू झाला. आपल्याकडच्या दवाखान्यांत मिळणारी एमसीआर चप्पल ही त्याच विचाराची.

म्हणून साखर असलेल्यांनी काही नियम पाळावेत. अनवाणी चालू नये, घरातही नाही. देवळात, मशिदीत जोडा बाहेर काढावा लागतो. उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर जाड मोजे घालावेत. दोन बोटांमध्ये पट्टा असलेली चप्पल त्यांच्यासाठी नाही; बधिर पायातून ती निसटते आणि कळतही नाही. टाचेमागे पट्टा असलेली, वरून सैल-घट्ट करता येणारी सँडल बरी. जोडा घालण्याआधी झटकावा आणि आत हात फिरवावा. आपल्याकडे विंचवासाठी झटकतोच, खड्यासाठीही झटकावा. नवा जोडा पहिल्या दिवशी तासभरच घालावा, काढून पाय पाहावा, लाल डाग उठला असेल तर तो जोडा परत करावा. आणि रोज रात्री तळपाय पाहावा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा, नाहीतर घरातल्या कुणाला दाखवावा. बधिर पायाला स्वतःचे सांगता येत नाही, म्हणून डोळ्यांनी त्याचे ऐकायचे.

बाकी सर्वांसाठी माप घ्यायची रीत सोपी आहे. संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवावा, टाच भिंतीला टेकवून उभे राहावे. बसून घेतलेले माप लहान येते. सरळ उभ्या धरलेल्या पेन्सिलीने पायाभोवती रेघ ओढावी. दोन्ही पायांचे माप घ्यावे, कारण ते अनेकदा सारखे नसतात. जोडा मोठ्या पायाचा घ्यावा. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही, तेही पाहावे. मग रेघेच्या कडेने कागद कापून खिशात ठेवावा आणि दुकानात जोड्याच्या आतल्या तळव्यावर ठेवून बघावा. कागद कुठे दुमडला तर पायही तिथेच दुमडणार.

जोडा घालून उभे राहावे. लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. पायाचा सर्वांत रुंद भाग जोड्याच्या रुंद भागातच यावा. बोटे आत हलली पाहिजेत, टाच चालताना निसटता कामा नये. दुकानात दहा पावले चालावे, लाजू नये. लहान मुलांचा जोडा दर दोन-तीन महिन्यांनी तपासावा. मोठा घेऊन दोन वर्षे वापरू हा हिशेब अंगावर येतो, कारण पाय वाढायच्या वयात हाडे अजून मऊ असतात.

यात पैसा फारसा लागत नाही. लागतो तो एक कागद, एक पेन्सिल आणि संध्याकाळची पाच मिनिटे. आपल्या आई-वडिलांचे, सासू-सासऱ्यांचे माप या आठवड्यात कुणी घेतले तर मला वाटते, हे बोलणे कामी आले. त्यांच्या पायाशी बसायला निमित्तही मिळेल.