कुंपणावरचा मोगली एरंड

शहापूर-मुरबाडकडच्या वस्त्यांतून हिंडताना घराला, परड्याला मोगली एरंडाचे कुंपण हमखास दिसते. फांदी खोचली की जगते, पाणी मागत नाही, गुरे तोंड लावत नाहीत. गरिबाला फुकटात याहून चांगले कुंपण कोठून मिळणार? पण गुरे तोंड का लावत नाहीत, याचा विचार आपण करीत नाही.

पावसाळा सरता सरता फळे पिकतात. हिरवी, मग पिवळी, शेवटी काळपट. आत दोन-तीन काळ्या बिया, फोडल्या की पांढरा गर, चवीला शेंगदाण्यासारखा. नेमकी तेव्हाच भातकापणी आणि दिवाळीची सुट्टी येते. आईबाप शेतावर, धाकटी भावंडे आठ-नऊ वर्षांच्या ताईच्या हवाली. या झाडाच्या चिकाचे फुगे फुंकणारी ही पोरे, त्यांना त्याची भीती कसली? एकाने बी खाल्ले की सगळी खातात. म्हणून महाराष्ट्रात ही विषबाधा बहुधा टोळक्यालाच होते.

घशाशी आग, पोटात कळ, उलट्या, जुलाब. अंगातले पाणी घटते, हाच लहान मुलाला खरा धोका. वेळेवर सलाईन लागले तर बहुतेक मुले बरी होतात. पण 'बाहेरचे लागले' म्हणत भगताच्या दारात तास घालवला, तर तो तास पोराच्या जिवावर बेतू शकतो. माता-भगिनींनो, मिठाचे पाणी पाजू नका, घशात बोट घालू नका. तोंडातला चोथा काढा, चूळ भरायला लावा आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. सोबत फळाची फांदी न्या. डॉक्टरला अंदाज बांधत बसावे लागत नाही. ज्यांनी ज्यांनी खाल्ले त्या सर्वांना न्या, अजून हसत-खेळत असले तरी.

फुलांसाठी लावलेली कण्हेर आणि पिवळी बिट्टी याहून वाईट. त्यांचे विष थेट हृदयावर जाते. तिथे उलटी होण्याची वाट पाहू नये. हल्ली कुंडीत दिसणारे, पांढऱ्या ठिपक्यांच्या रुंद पानांचे डिफेनबेकिया चावले तर जीभ सुजते. ती कुंडी रांगत्या मुलाच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

कुंपण उपटा, असे मी म्हणणार नाही. तारेला पैसे कोण देणार? भादव्यातच हिरव्या फळांचे घोस कोयत्याने उतरवा आणि खड्ड्यात पुरा. सुरुवात अंगणवाडीच्या बाजूने करा. नवे कुंपण लावायचे असेल तर निरगुडीही फांदीनेच लागते.