उदयनगरची भगिनी आणि पडद्यावरील साक्ष

चित्रपट म्हटला की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी उमटते. आणि ती सर्वस्वी अनाठायी असते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी परिपत्रक काढले, तेव्हा वाईट चित्रपटांपासून सावध करतानाच चांगल्या चित्रपटांचे सामर्थ्यही त्यांनी मान्य केले होते. अन्यायाविरुद्ध उभा राहणारा चित्रपट हे सामर्थ्य कसे वापरतो, ते उज्जैनकडील एका सत्यकथेवरून पाहू या.

क्षिप्रेच्या तीरावरील उज्जैन मराठी माणसाला शिंदेशाहीमुळे परिचित आहे. त्याच महसुली विभागातील देवास जिल्ह्यात उदयनगर हे गाव आहे. केरळात पुल्लुवळी येथे १९५४ साली जन्मलेल्या, फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघाच्या सिस्टर राणी मारिया १९९२ साली तेथे सेवेस आल्या. आदिवासी शेतमजूर सावकाराच्या वहीत अडकलेले होते. सिस्टरांनी त्यांना बचत शिकवली, बँकेचे दार दाखवले, हक्कांची जाणीव करून दिली. ज्यांना हे खुपले, त्यांनी समंदरसिंग या तरुणाला भरीस घातले. दिनांक २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये त्याने सिस्टरांवर सुऱ्याचे घाव घातले. बसमध्ये पुष्कळ उतारू होते. आडवा कोणीही गेला नाही.

पुढे जे घडले ते केवळ ख्रिस्तकृपेनेच घडू शकते. सिस्टरांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. कुटुंबाच्या रदबदलीनंतर २००६ साली तो सुटला आणि पुल्लुवळीस गेला, तेव्हा वृद्ध मातेने त्याचे हात हाती घेऊन चुंबिले. दिनांक ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

ही कथा मग परक्या प्रांतांत व देशांत पोहोचली. कॅथरिन मॅकगिलव्रे या इटलीतील दिग्दर्शिकेने समंदरसिंगच्या हृदयपालटावर माहितीपट केला. २०२३ साली शैसन पी. औसेफ यांचा ‘द फेस ऑफ द फेसलेस’ हा हिंदी चित्रपट आला. केरळच्या विन्सी अलोशियस यांनी त्यात सिस्टरांची भूमिका केली.

वाचकहो, अन्यायाचे चित्र दाखवून द्वेष पेटविणे सोपे असते. या कथेला हात घालणाऱ्यांपुढे कसोटी वेगळी आहे: सावकारी पाशाचे सत्य झाकायचे नाही आणि मारेकऱ्यातील माणूसही पुसून टाकायचा नाही. यांपैकी एक जरी सुटले, तरी साक्ष अपुरी राहते.

आणखी एक गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते. पडद्यासमोर बसून हळहळणारे आणि उठून घरी जाणारे आपण त्या बसमधील उतारूच नव्हे काय? म्हणून आमची विनंती अशी की, धर्मग्रामाच्या सभागृहात हा चित्रपट दाखवावा, शेजारच्या अन्यधर्मीय बांधवांनाही बोलवावे आणि दिवे लागल्यावर अर्धा तास बसून विचारावे: आपल्या गावात कर्जाने कोण पिचला आहे? कोणाची मजुरी थकली आहे? त्याच्यासाठी आपण उद्या काय करणार?

एवढे झाले, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळावरील आठी खचित मावळेल.